सेत्तीमिओची पिशवी

पोज्जो सेकोच्या टेकडीवर मी चोवीस वर्षं खापरं धुते आहे. उन्हाळ्यात विद्यापीठाची माणसं येतात, इटलीत रोमनांच्याही आधी नांदलेल्या एत्रुस्कन लोकांची थडगी खणतात, आणि निघालेली खापरं माझ्या टबात येऊन पडतात. एवढ्या वर्षांत पुष्कळ काही बघितलं. पण त्या मंगळवारचं आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

सेत्तीमिओ आमचा सगळ्यात जुना मजूर. वय एकसष्ट, शाळा चौथीपर्यंत. जमिनीवर कुदळीचा दांडा आपटायचा, कान लावायचा आणि सांगायचा, "इथं भरीव आहे. इथं खाली खोली आहे, पण छत बसलंय." एकदा विद्यापीठानं जमिनीच्या पोटातलं बघायचं यंत्र आणलं. तीन दिवस ते टेकडीभर ओढत फिरवलं, आणि त्यानं दाखवली ती जागा सेत्तीमिओनं आदल्याच आठवड्यात दाखवली होती. अहवालात नाव छापून आलं ते यंत्राचं.

ही विद्या त्याला बापाकडून आली. बाप थडगी फोडून आतला माल विकायचा. त्या काळी आमच्या गावात कोण फोडत नव्हतं? माझा स्वतःचा चुलता फोडायचा. बाप तुरुंगात गेला तेव्हा सेत्तीमिओ सोळा वर्षांचा होता. त्यानं बापाची थडगी हुडकायची लोखंडी सळई विहिरीत टाकली आणि सरकारी खोदकामावर येऊन उभा राहिला. तेव्हापासून पंचेचाळीस वर्षं, आणि एक मणीसुद्धा त्याच्या घरी गेलेला नाही. प्रोफेसर कासाग्रांदे मात्र पाहुणे आले की त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे, "हा आमचा सेत्तीमिओ. चोराचा मुलगा, पण हात सोन्याचे!" पाहुणे हसायचे. सेत्तीमिओ टोपी हातात धरून उभा राहायचा. मला त्यात हसण्यासारखं कधीच काही दिसलं नाही.

त्या दिवशी सकाळी थडग्याकडे उतरणाऱ्या वाटेत त्याची थापी थांबली. माती काळपट, तेलकट झाली होती. शेजारी जिनेव्रा नावाची विद्यार्थिनी बसली होती, पहिलाच हंगाम तिचा. त्यानं तिला हाक मारली.

"पोरी, थापी ठेव. ब्रश घे, आणि घाई करू नकोस."

"मी? तुम्हीच काढा ना."

"मी पुष्कळ काढलंय. तुझ्या हातून निघू दे."

बोटभर लांबीची काशाची पिन निघाली, अंगरख्याला लावायची, चिखलानं लडबडलेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, प्रोफेसरांनी फोटो काढले. आणि दुपारी जेवायच्या सुट्टीत बघतात तर धातूच्या वस्तूंचा ट्रे रिकामा!

विद्यार्थी होते दहा. प्रोफेसरांनी त्यांच्यातल्या एकालाही विचारलं नाही. ते सरळ ओकच्या झाडाखाली आले, जिथं आम्ही मजूर जेवत होतो.

"सेत्तीमिओ, तुमची पिशवी जरा बघू."

"का?"

"नुसती औपचारिकता हो. मनाला लावून घेऊ नका."

मला राहवलं नाही. "आणि त्या दहा जणांच्या पिशव्या?"

"आर्जा, तुम्ही तुमची खापरं बघा."

सेत्तीमिओनं पिशवी उपडी केली. चाकू, रुमाल, पाणी घातलेल्या वाइनची बाटली, मेंढीच्या दुधाच्या चीजचा तुकडा, कांद्याचं आम्लेट भरलेला पाव. प्रोफेसरांनी खिशातली पेन्सिल काढली आणि पाव उचकटून आत बघितलं. माणसाच्या घासात पेन्सिल घालून बघितलं! बायकोनं पहाटे उठून बांधून दिलेला पाव तो. विद्यार्थी दुसरीकडे बघत होते. प्रोफेसर गेले. सेत्तीमिओनं पाव पुन्हा रुमालात बांधला, पण खाल्ला नाही.

"घरी जा," मी म्हटलं. "खणू देत त्यांचं त्यांना."

"गेलो तर पिन माझ्याच घरी आहे असं होईल," तो म्हणाला, आणि पुन्हा खड्ड्यात उतरला. त्याची कुदळ दुपारभर एका लयीत चालू होती.

चारच्या सुमाराला मी खापरांचा नवा खोका टबात ओतला. तळाच्या गाळात बोटांना काहीतरी लागलं, खापरापेक्षा गार आणि बारीक. काशाला पाणी लावायचं नाही हा इथला पहिला नियम, म्हणून धातूचा ट्रे वेगळाच असतो. पण जिनेव्रानं चिखल बघितला आणि पिन धुवायच्या खोक्यात टाकली होती. धुऊन ती केव्हाच ट्रेमध्ये गेली असेल, असं तिला वाटलं होतं. माझी हाक ऐकून ती धावत आली, पिन बघून पांढरी पडली आणि रडायलाच लागली. तिचा मला फारसा राग आला नाही. नवी पोर, चुकली.

प्रोफेसर आले. पिन उलटसुलट करून बघितली, कोरड्या कापसात ठेवली.

"सापडली ना? मग विषय संपला. चला, कामाला लागा."

सेत्तीमिओ चार पावलांवर उभा होता. त्याच्याकडे त्यांनी मानसुद्धा वळवली नाही.

सहा वाजता अवजारं धुऊन झाली. सेत्तीमिओ नोंदीच्या टेबलाशी आला आणि एकेक वस्तू काढून प्रोफेसरांच्या वहीशेजारी मांडू लागला. चाकू. रुमाल. बाटली. पाव.

"हे काय चाललंय?"

"घरी निघालोय. तपासून घ्या."

"अहो, तो विषय संपला म्हटलं ना!"

"तुमचा संपला असेल."

त्याच्यामागे क्विंतो येऊन उभा राहिला, आमच्यातला दुसरा मजूर. त्यानंही आपली पिशवी उपडी केली. मग मी माझी केली. मग जिनेव्रा आली, डोळे सुजलेले, आणि तिनं पाठीवरची सॅक टेबलावर रिकामी केली. तिच्यामागे एकेक करत बाकीचे नऊही आले. टेबलावर कंगवे, पत्रं, सिगारेटी, अर्धवट खाल्लेली पीचं, सगळा ढीग झाला. प्रोफेसरांची चामड्याची बॅग त्यांच्या खुर्चीला लटकत होती.

मी ओले हात एप्रनला पुसले आणि म्हटलं, "प्रोफेसर, आता तुमची."

ते हसले. दुसरं कुणीच हसलं नाही. मग त्यांचा हात आपोआप बॅगेच्या बंदावर गेला, चेहरा लाल झाला.

"आर्जा! तीस वर्षं मी इथं काम करतोय. माझ्यावर तुमचा विश्वास नाही?"

सेत्तीमिओ आपला पाव रुमालात गुंडाळत होता. मान वर न करता तो म्हणाला, "दुपारी मलाही हेच विचारायचं होतं."