वही हातात दे

"वही सकयल दवर आनी फाटीं सर."

हे बाईंचं रोजचं वाक्य. मी वही पायरीवर ठेवायचे आणि चार पावलं मागे सरायचे. मग बाई तांब्यात बोटं बुडवून वहीवर पाणी शिंपडायच्या आणि त्यानंतरच ती उचलायच्या. आम्ही महार. माझी आई बांबू चिरून सुपं विणायची. तिचं सूपही भाटकाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, घरात असंच पाणी शिंपडून जायचं. माझी वही तरी वेगळी कशी असणार?

बाई म्हणजे त्या भाटकाराची सून. पेडण्यातल्या आमच्या गावात शाळा सुटल्यावर त्या मुलांना गणित शिकवायच्या, तेही फुकट. बाकीची मुलं बलकांवावर, म्हणजे त्यांच्या ओसरीच्या बाकांवर बसायची. मी खाली अंगणात. गोव्याची मुक्ती झाली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. शाळेत आम्ही मुक्तीची गाणी म्हणायचो, आणि संध्याकाळी मी त्या अंगणात.

एकदा अवघड गणित फक्त मला सुटलं. उत्तर होतं अठ्ठेचाळीस. बाईंनी पाणी शिंपडलं, थेंब नेमका आठावर पडला, आणि शाई पसरली.

"चूक," बाई म्हणाल्या.

"बाई, तो आठ होता."

"आठ खंय आसा हांगा? दाखय."

दाखवायला पायरी चढावी लागली असती. मी अंगणातच उभी राहिले. बलकांवावरची मुलं हसली. बाईंनी लाल फुली मारली आणि वही पायरीवर टाकली.

घरी आईला सांगितलं.  दुसऱ्या दिवशी ती धारगळच्या दुकानातून पेन्सिल घेऊन आली.

"हिणें बरय गो. ही उदकान पसरना."

पाण्याने न पसरणाऱ्या पेन्सिलीने लिही, तिला एवढाच उपाय सुचला. मला ती पेन्सिल आठवली की अजून रडू येतं. राग येतो तो नंतर.

पुढे शिष्यवृत्ती मिळाली आणि मी इंग्लंडला शिकायला गेले. तिथे चर्चच्या एका हॉलमध्ये शाळा सुटल्यावर मुलांचा वर्ग चालायचा. ज्यांचे आईबाप उशिरापर्यंत कामावर असत, त्यांची मुलं. मी आठवड्यातून तीन दिवस तिथे फुकट शिकवायला जायचे. बाईंसारखीच. गणित मला बाईंनीच शिकवलं होतं. ते मी नाकारत नाही.

वर्ग संपला की हजेरीची वही मार्गारेटला द्यायची असे. मार्गारेट तिथली म्हातारी मुख्य बाई. मी वही तिच्या पायांशी जमिनीवर ठेवायचे आणि मागे सरायचे. कुणी सांगितलं नव्हतं. माझं मला कळतही नव्हतं. ती गुडघे धरत वाकायची, वही उचलायची आणि थँक्यू म्हणायची. आमच्या देशातली काही रीत असेल, असं तिला वाटत असावं.

वर्गात नादिया होती. सात वर्षांची, आई ऑफिसांत झाडलोट करणारी. ती मला चिकटलेली असायची, मी करीन ते करायची. एका संध्याकाळी तिने गणित सोडवलं, माझ्यापर्यंत आली, वही माझ्या पायांशी ठेवली आणि मोजून चार पावलं मागे सरली.

मी वहीकडे बघत विचारलं,

"खाली का ठेवलीस?"

"तुम्ही ठेवता तशी."

तिला वाटलं होतं, मोठ्यांना मान देतात तो असा. मला लाज वाटली, आणि ती बाईंची नव्हे, माझीच. अंगण सोडून इतकी वर्षं झाली होती आणि मी ते सोबत घेऊन हिंडत होते. आता या पोरीलाही त्यात उभं करत होते.

मी वही उचलून तिच्या हातात दिली. माझे दोन्ही तळवे पुढे केले.

"माझ्या हातात दे."

तिने दिली. उत्तर बरोबर होतं. त्या दिवशी मार्गारेटलाही मी वही हातात दिली.  तिला त्यात काही विशेष वाटलंच नाही.

शिक्षण संपवून गावी आले, तेव्हा आई नवं सूप घेऊन बाईंकडे निघाली होती. सूप मी घेतलं आणि तिच्यासोबत गेले. बाई थकल्या होत्या. मला बघून खूश झाल्या.

"आमगेल्या बलकांवार शिकून विलायतेक गेली ही!"

"बलकांवावर नाही, बाई. अंगणात."

 त्या सवयीने आत वळून पाणी मागवत म्हणाल्या, "गो, उदक हाड मातशें."

मी पायरी चढले. आयुष्यात पहिल्यांदा. सूप त्यांच्यापुढे धरलं.

"हातात घ्या."

त्यांनी सुपाकडे पाहिलं, आतून येणाऱ्या तांब्याकडे पाहिलं. हात पुढे आला नाही. मी वाट पाहिली, हात दुखेपर्यंत. मग सूप घेऊन पायऱ्या उतरले.

वाटेत आई रडत होती. "कित्याक केलें तें? फाल्यां आमचें सूप कोण घेतलो?"

उद्या आमचं सूप कोण घेणार, हा तिचा प्रश्न खराच होता.  त्या घराने पुन्हा आमचं सूप घेतलं नाही, आणि मरेपर्यंत आईने ते मला बोलून दाखवलं.

ते सूप माझ्या भिंतीवर आहे. त्याखाली संध्याकाळी वाड्यावरची पोरं गणितं सोडवतात, शाईने. नवं पोर बिचकत वही जमिनीवर ठेवतं. मी ती उचलत नाही. हात पुढे करून बसते. पोर वाकून वही परत उचलेपर्यंत आणि माझ्या हातात देईपर्यंत मी गणित तपासत नाही.