जगनचा पांगुळगाडा

पनवेलच्या बाजारपेठेमागच्या आळीत मनासे तळकर राहत. भाताच्या गिरणीत ते कारकून होते. दिवसभर गिरणीची घरघर आणि नाकातोंडात जाणारा कोंडा. संध्याकाळी घरी येऊन आंघोळ झाली, की ओटीवर चटई टाकून ते मोडकी लाकडी खेळणी पुढ्यात घेऊन बसत. पाय तुटलेला घोडा, मान गेलेली बाहुली, रंग उडालेली सावंतवाडीची बैलजोडी, असे काहीबाही लोक आणून देत. मनासे ते आधी ओल्या फडक्याने पुसत, फुटक्या काचेने जुना रंग खरवडत आणि भेगा भरून पॉलिशपेपर मारत. घाई मुळीच नसे. हात चालू लागला की डोक्यातली गिरणी आपोआप बंद पडे.

शेजारचा काशिराम बैलगाड्यांची चाके करी. तो येता-जाता टोमणा मारायचा, "मनासेभाऊ, आमची चाकं घाट चढतात. तुमची कुठवर जातात?"

"ओटीवरून माजघरापर्यंत. पण काशिराम, अजून एकही रुतलं नाही."

खेळणे कुरकुरता कामा नये, चाक कुठे अडकता कामा नये, एवढा एकच अभिमान मनासेंना होता.

एके दिवशी भामा डोक्यावर एक पांगुळगाडा घेऊन आली. भामा नदीपलीकडच्या विचुंबे गावची. पूर्वी ती गिरणीत भात पाखडायला येई. मनासेंची मुलगी जेरुशा जन्मली तेव्हा त्यांची बायको शुलामिथ तापाने फणफणली होती, तिला दूध येईना. भामाचा जगन तेव्हा अंगावर पीत होता. तिने काही न विचारता जेरुशाला मांडीवर घेतले आणि शुलामिथ उठून बसेपर्यंत दोघांना पाजले. पुढे जेरुशा लग्न होऊन मुंबईला गेली. भामाचे हे देणे मनासे कधी विसरले नाहीत. पण त्याबद्दल तिला काय म्हणावे, हे त्यांना इतक्या वर्षांत सुचले नव्हते.

"दादा, यो जगनचा गाडा," भामा म्हणाली. "आता त्याचा पोर हाय, तुळशीराम. दोन वर्षांचा झाला, पन पाऊल टाकत नाय. टायफाडनं पायातला जोरच गेला. डाक्टर बोलला, त्याला उभा करा, चालवा. आमी धरला तर लोंबकळतो नुस्ता. गाड्याला धरून तरी चालंल."

मनासेंना भरून आले. शेवटी भामाने काही मागितले होते.

त्यांनी त्या गाड्यावर जीव ओतला. पिचलेला दांडा बदलला. धरायची आडवी पट्टी मुलाच्या हाताला टोचू नये म्हणून घासून घासून रेशमासारखी केली. मागची दोन्ही चाके आतल्या बाजूने चौकटीला घासत होती, तिथे लाकूड काळे पडले होते. मनासेंनी मध्ये पत्र्याच्या चकत्या घातल्या आणि आसाला एरंडेल दिले. लाल-हिरवा रंग वाळल्यावर त्यांनी गाडा बोटाने ढकलला. तो आवाज न करता भिंतीपर्यंत गेला. शुलामिथ म्हणाली, "नवऱ्यामुलासारखा सजवलात हो!" जगन येऊन गाडा घेऊन गेला.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी जगनची बायको रंभा गाडा घेऊन दारात उभी राहिली. तिने तो ओटीवर आदळलाच.

"काका, हा गाडा नाय, घोडा हाय घोडा! पोरानं हात लावला आनि हा सुटला पुढं. पोर तोंडावर आपटलं, ओठ फुटला. आता गाडा बघितला तरी रडतो. कुनी उभा केला तरी पाय वर घेतो. होता तेवढा धीर पन गेला."

"आणि भामा काय म्हणाली?"

"सासू कुठं बोलते तुमाला? तुमचं नाव काढायचं नाय, बोलली. म्हनून मी आले."

रंभा गेली. मनासेंनी पटाशी काढायला पेटी उघडली, तोच आतून शुलामिथचा आवाज आला, "दिवा लावतेय हं. हत्यारं ठेवा." शुक्रवारचा सूर्य मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत त्यांच्या यहुदी घरात शब्बाथ, विसाव्याचा पवित्र दिवस. त्या वेळात मनासेंनी आजवर हत्याराला हात लावला नव्हता.

"मूल तिकडे पाय वर घेतंय, आणि मी इथे हातावर हात ठेवून बसू?"

"बसा की. त्या दिवशी हात चालले होते, त्याचं काय झालं ते पाहिलंत ना?"

हे त्यांना झोंबले, पण ते बसले. शनिवारी प्रार्थनेहून आल्यावर गाडा समोर होताच. खरवडायचे नाही, ठोकायचे नाही. मग नुसते पाहणे उरले. एरवी वस्तू हातात आली की ते लगेच कामाला लागत. इतका वेळ नुसते पाहिल्याचे त्यांना आठवेना. दुपार उतरता उतरता त्यांची नजर चौकटीवरच्या काळ्या डागांवर खिळली. डावीकडचा डाग आणि उजवीकडचा डाग अगदी जुळे होते. तेवढेच मोठे, तेवढेच खोल. झिजेने किंवा चुकीने असे झाले असते तर एक बाजू कमी, एक जास्त झाली असती. चाके घासावीत म्हणून सुताराने ती मुद्दामच आवळून बसवली होती. गाडा मुलाच्या पुढे पळू नये, मुलाने रेटला तरच हलावा, यासाठी. आणि तो गुण मनासेंनी दोष समजून काढून टाकला होता.

"शुलामिथ," ते म्हणाले, "मी ब्रेकच काढून टाकला गं गाडीचा!"

चांदण्या दिसल्या तशी त्यांनी पेटी उघडली. चकत्या काढल्या, आसावरचे तेल राखेने पुसले, जुन्या चपलेचे कातडे कापून चाके आणि चौकट यांच्यामध्ये घट्ट बसवले. आता गाडा जड चालू लागला, वर कुरकुरूही लागला. ती कुरकुर त्यांनी तशीच राहू दिली.

रविवारी सकाळी गाडा खांद्यावर घेऊन, गाढी नदीच्या उथळ पाण्यातून ते विचुंब्याला गेले. गाडा पाहताच तुळशीराम आजीच्या लुगड्यात शिरला. मनासेंनी त्याला बोलावले नाही. ते स्वतः अंगणात गुडघ्यांवर बसले, त्यांनी गाड्याची पट्टी धरली आणि ते रेटत निघाले. कुर्र, कुर्र. पांढऱ्या केसांचा माणूस रांगत गाडा ढकलतोय, हे पाहून जगन हसू लागला, रंभा तोंडाला पदर लावून हसू लागली, आणि लुगड्यातून एक डोळा बाहेर आला.

"आता दादांनाच चालायला शिकवा रं!" भामा म्हणाली.

थोड्या वेळाने तुळशीराम सरकत सरकत आला. त्याने पट्टी धरली. गाडा पळाला नाही. त्याने अंग टाकले, तरी गाडा जागचा हलेना, म्हणून त्याला पाय रोवावा लागला. कुर्र झाले. तो थबकला, त्याने खाली पाहिले, आणि आवाज पुन्हा काढावा म्हणून दुसरा पाय टाकला. मग आणखी एक. रंभा धावणार होती. भामाने तिचा हात धरून ठेवला.

मनासे धुळीत तसेच बसून होते. "भामा," ते म्हणाले, "जेरुशाच्या वेळी तू..."

"अवो, ते काय आता काढताव?" भामाने त्यांना पुरते बोलू दिले नाही. "बाजूला व्हा आधी. माझा नातू येतोय, तुमच्या अंगावर गाडा घालंल."

मनासे हसत उठले आणि त्यांनी त्याला वाट करून दिली.