मिशीवाला कप्तान

जुन्या काळच्या हॉलंडमधल्या हार्लेम शहरातल्या चित्रकारांत हेस्टरची जीभ सगळ्यांत तिखट आणि हात सगळ्यांत तयार. पण चित्राखाली नाव मात्र बापाचं. उस्तादाच्या कारखान्यातलं चित्र उस्तादाच्याच नावाने विकायचं, ही चित्रकार-संघाची रीत. बाप हिवाळ्यात गेला. आता संघाने हेस्टरला उस्ताद मानलं नाही, तर कारखान्याला कुलूप.

परीक्षेला एक चित्र द्यायचं होतं. दुसऱ्या कुणी निमूट फळं-फुलं रंगवली असती. हिने नाटकमंडळींच्या पेटीतून पणजोबांच्या काळचा मखमली अंगरखा, पिसाची टोपी आणि तलवार मागून आणली, काजळीने मिशी काढली आणि आरशात बघून स्वतःलाच जुन्या जमान्यातला कप्तान करून टाकलं. मिशीला असा पीळ दिला, की रंगवताना तिचं तिलाच हसू आवरेना.

संघाचे प्रमुख योस्ट आणि म्हातारे बारेंटकाका बिअरचे पेले घेऊन चित्रापुढे बसले. बारेंटकाका आधी खदखदून हसले, मग थांबले.

"पोरी, तलवार उजव्या कमरेला? उपसणार कशी, दातांनी?"

डाव्या कमरेची तलवार आरशात उजवीकडे दिसली, आणि हेस्टरने दिसलं तसंच रंगवलं होतं. तलवारीची बाजू बदलायला नवशिकेसुद्धा विसरत नाहीत, आणि ही मिशीच्या नादात विसरली होती.

"पुढच्या वर्षी बघू," योस्ट म्हणाले.

"पुढच्या वर्षी कशाला? काका, पेला संपायचाय ना तुमचा? प्या सावकाश."

तिने ब्रश उचलला. कप्तानाभोवतीच्या तपकिरी अंधारात काळ्या लाकडाची चौकट ओढली, कडेवर उजेडाची बारीक रेघ दिली, वर एक खिळा काढला. तलवारीला हातही लावला नाही. आता चित्रात भिंतीवर टांगलेला आरसा होता आणि आरशात कप्तान.

"म्हणजे तलवार बरोबर बाजूलाच आहे म्हण की!" बारेंटकाकांनी मांडीवर थाप मारली. "लबाड आहेस हं!"

योस्ट हसले नाहीत. "खरं सांग. चूक झाली होती ना?"

"झाली होती. निस्तरली."

"उस्ताद तरी दुसरं काय करतो? कर सही. तुझी."

इतकी वर्षं बापाचं नाव गिरवलेला हात अडखळला.

"नाव तरी सुलटं लिही गं बाई," बारेंटकाका म्हणाले.

हेस्टरने लिहिलं, बापाच्या नावापेक्षा जरा मोठंच. आणि मग मात्र तिला रडू आवरलं नाही.