घाटात न्यूट्रल

बायपासनंतर बाबांनी चिडणं सोडलं आणि आमच्या घराची घडी विस्कटली.

बाबा एसटीचे ड्रायव्हर. तीस वर्षं खोपट डेपोतून कोकणात गाड्या नेल्या आणि तेवढीच वर्षं सगळ्यांना फैलावर घेतलं. कोमट चहा, उशिरा आलेला पेपर, जिन्यात आडवी लावलेली स्कूटर, कुणाची म्हणून गय नाही. पण डॉक्टर म्हणाले, "चिडचिड करू नका," आणि बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकलं. कोपरच्या घरात दिवसभर गॅलरीत बसून राहायचे. काहीही विचारलं की "बरं."

आईने चार दिवस त्यांना अळणी दुधी वाढला. त्यांनी निमूट खाल्ला. पाचव्या दिवशी आईचा मला फोन आला, "अगं, ह्यांचं काही खरं नाही. दुधीलासुद्धा नावं ठेवत नाहीत." मी हसले, पण तिचा आवाज रडवेला होता. नंतरच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं, हृदय ठणठणीत आहे, आता त्यांना बाहेर काढा, बोलतं करा.

नेमका तेव्हाच त्या मारधाडीच्या सिनेमाचा दुसरा भाग आला. पहिला आम्ही कल्याणला पाहिला होता, मी नववीत असताना. बाबांनी तो नंतर आणखी चार वेळा पाहिला. गाणी लागली की बाहेर जाऊन चहा प्यायचे आणि घाटातल्या बसच्या पाठलागाला बरोबर आत यायचे. "हा माणूस गाडी शिकलाय," असं ते हीरोबद्दल म्हणाले होते. माझ्या दहावीच्या ऐंशी टक्क्यांना त्यांनी एवढीही दाद दिली नव्हती.

मी ठाण्याच्या मॉलमधली दुपारची तिकिटं काढली. माणकोलीच्या पुलावर टॅक्सीवाला क्लचवर पाय ठेवूनच गाडी हाकत होता आणि बाबा शांतपणे खाडी बघत होते. तेव्हा मात्र मला खरोखर भीती वाटली. माझे बाबा कुठेतरी हरवलेच होते.

सिनेमा सुरू झाला. वीस वर्षांनी परतलेल्या हीरोचे केस आधीपेक्षा काळे होते. मेलेल्या व्हिलनचा मुलगा बापापेक्षा म्हातारा दिसत होता. पूर्वी एक बस होती, आता दोन. मध्यंतरात विचारलं, "कसा वाटतोय?" तर म्हणाले, "बरा आहे." मी आशा सोडली.

मग घाट आला. हीरोच्या एका हातात स्टेअरिंग, दुसऱ्यात पिस्तूल. गुंडांना आवाज जाऊ नये म्हणून त्याने उतारावर इंजिन बंद केलं आणि गाडी न्यूट्रलला टाकली. बाबा खुर्चीत पुढे सरकले. भरलेल्या एसटीत शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज थिएटरभर घुमला.

"अरे ए! घाटात न्यूट्रल?"

माना वळल्या. बाबा उभे राहिले. "इंजिन बंद केलंस तर ब्रेकला हवा कोण भरणार? तुझा सासरा?"

मी त्यांचं मनगट धरलं. "बाबा, टाके!"

"सोड गं! पॅसेंजर आहेत गाडीत!"

मागून कुणीतरी म्हणालं, "काका, बसा ना. पिच्चर आहे तो."

"पिच्चर असला म्हणून काय झालं? दुसऱ्यात टाक म्हणावं त्याला!"

"दुसऱ्यात टाक!" मागची अख्खी रांग ओरडली. हीरोने ऐकलं नाही. त्याने बस दरीवरून उडवली आणि पलीकडच्या रस्त्यावर अलगद उतरवली. बाबा कपाळावर हात मारून खाली बसले. घामाघूम झालेले, पण चेहऱ्यावर काय तेज! मी रडत होते आणि मला हसूही आवरत नव्हतं.

परतताना टॅक्सीवाल्याला क्लचवरून खाडी संपेपर्यंत व्याख्यान मिळालं.

घरी आईने विचारलं, "कसा होता?"

"भिकार! पहिल्याची सर नाही. गाडी कशाशी खातात ते माहीत नाही आणि निघाले घाटात!" असं म्हणत ते पानावर बसले. एक घास खाल्ला आणि ताट पुढे ढकललं. "हे काय आहे? बैलाला घालायचं ते मला वाढलंस?"

आई तडक स्वयंपाकघरात गेली. मी घाबरून मागोमाग गेले. ओट्याला टेकून ती डोळे पुसत होती.

"अगं," ती हळूच म्हणाली, "ह्याचा तिसरा भाग कधी येणार? तोही असाच वाईट काढतील ना?"