हवेचे अठराशे ऐंशी लिटर

अक्षय्य तृतीयेच्या अकरा दिवस आधी, शनिवारी दुपारी, आमच्या अंगणातल्या हौदापाशी उभं राहून मी सहा हजार आठशे रुपये रोख दिले. हजर होतो चौघे: मी, माझी बायको, आई आणि झडप बसवायला आलेला माणूस. त्या नव्या झडपेची मूळ किंमत सात हजार. नळावरचा जुना पितळी कॉक आणि हौदातला तरंगता गोळा तो माणूस घेऊन गेला आणि त्याचे दोनशे वजा केले. आता हौदात किती लिटर पाणी आहे ते मला चितेगावला कारखान्यात बसून मोबाइलवर दिसणार होतं. मी तिथे हिशेबाच्या खात्यात आहे. मला आकडा दिसला की बरं वाटतं.

दुष्काळाचं वर्ष होतं. जायकवाडी धरण तळाला गेलेलं. शहर मात्र पैठण रस्त्यानं आणि बीड बायपासच्या पलीकडे वाढतच होतं. आमच्या गल्लीला नळ आठवड्यातून एकदा, मंगळवारी यायचा, तोही सव्वा तास. वेळ ठरलेली नाही. कधी सकाळी, कधी भर दुपारी.

बाबा होते तोवर नळ ही त्यांची जबाबदारी होती. मंगळवारी ते अंगणातला नळ उघडा टाकून खाली स्टीलची परात पालथी ठेवत. पाणी आलं की परात वाजायची. पहिलं पाणी गढूळ, तांबूस. ते झाडांना सोडायचं. मग पेल्यात धरून उजेडात बघायचं, आणि स्वच्छ दिसलं की कॉक फिरवून हौदाकडे वळवायचं. हौद भरला की आतला गोळा वर येऊन पाणी आपोआप बंद व्हायचं. बाबा गेल्यावर हे सगळं आईकडे आलं. तिचं वय त्र्याहत्तर, दोन्ही गुडघे दुखणारे. नळाच्या ओट्यावरून ती एकदा घसरता घसरता वाचली. तेव्हा मी म्हटलं, आता पुरे.

नवी झडप हे सगळं एकटी करणार होती. पहिलं पाणी बाजूच्या नळीनं झाडांना, मग हौदाकडे, आणि ठरलेले लिटर झाले की बंद. आतल्या एका चक्रीवर पाणी मोजलं जायचं. हौद दोन हजार लिटरचा, त्याला त्या माणसानं अठराशे ऐंशीची मर्यादा लावून दिली.

"हाताने फिरवायला काही नाही का याला?" आईनं विचारलं होतं.

"माँजी, हात लगानेकाच नै इसको," तो म्हणाला.

आईला ही झडप नकोच होती, पण या वेळी तिच्या मनात वेगळीच काळजी होती. बाबांचं वर्षश्राद्ध झाल्यानंतरची ही पहिली अक्षय्य तृतीया. त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची घागर पाण्यानं भरून दान देतात. आईनं घागर आणून ठेवली होती, पाण्यात टाकायला सुगंधी वाळा आणला होता. तृतीया बुधवारी. नळ आदल्या दिवशी, मंगळवारी. "ताजं पाणी मिळेल," ती दोनतीनदा म्हणाली. "तीस वर्षं त्यांनी याच नळाचं पाणी भरलं. त्यांना हेच पाणी द्यायचं."

मधल्या मंगळवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी थांबलो. झडपेनं चोख काम केलं. फोनवर आकडा चढत गेला, मी झाकण उचलून आत पट्टी बुडवून पाहिली, दोन्ही जुळलं. म्हणून पुढच्या मंगळवारी मी रजा टाकली नाही. बायको शाळेत निकालाच्या कामाला गेली. घरी आई एकटी. निघताना मी तिला बजावलं, "नळाकडे जाऊच नकोस. ओट्यावर चढायचं नाही. मला इथून सगळं दिसतं."

दुपारी पावणेतीनला फोन थरथरला. पाणी सुरू. समोर महिनाअखेरची बिलं होती, पण माझं लक्ष फोनवर. दोनशे दहा. चारशे साठ. नऊशे. मी एक बिल तपासायचो, एकदा फोन बघायचो. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "क्रिकेट आहे का?" मी म्हटलं, "पाणी." तो म्हणाला, "मग बघ बाबा, बघ."

एकोणीस मिनिटांत आकडा अठराशे ऐंशीवर गेला. हौद भरला, झडप बंद. मी फोन पालथा ठेवला. तेवढ्यात आईचा फोन.

"अरे, नळ आला की नाही कळत नाही. नुसता फुसफुसत होता. आता तोही आवाज गेला."

"आई, हौद भरला. माझ्यासमोर आकडा आहे."

"पाण्याचा आवाज असा नसतो."

"त्यात मोजायची चक्री आहे आई. एक लिटर इकडेतिकडे होत नाही."

"झाकण उचलून बघितलं असतं, पण मला ते उचलत नाही."

"उचलूच नकोस. तू जरा पड."

ती "बरं" म्हणाली. ते "बरं" मला ओळखीचं आहे. पटलेलं नसतं तेव्हाचं.

मी पुन्हा बिलांकडे वळलो, पण चैन पडेना. आकडा बरोबर होता आणि तरी काहीतरी खुपत होतं. पाणी प्यायला उठलो, परत बसलो. पंचवीसेक मिनिटं गेली असतील. मग शेजारच्या वहिनींचा फोन आला. वहिनी मूळच्या पैठणकडच्या, शेतकरी घरातल्या. भिंतीला भिंत लागून आमची घरं.

"काय करायलेत भाऊजी?"

"ऑफिसात आहे. का हो?"

"इथं नळ आलाय धो धो, अन् तुमचा हौद कोरडा ठणठणीत. मी पहार घालून झाकण सरकवलं. काकू त्या मशिनीला बत्त्यानं हाणायल्यात."

"हौद भरलाय वहिनी. अठराशे ऐंशी लिटर."

"व्हय का? मग मी आत उभी ऱ्हाते अन् बुडून दाखवते तुम्हाला."

मागून बत्त्याचे ठोके ऐकू येत होते. मी फोनवरच झडप उघडायचं बटण दाबलं. उत्तर आलं: हौद भरलेला आहे, सुरक्षेसाठी झडप बंद. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मोजणी पुसून नव्याने सुरू करायची तर फोन झडपेपासून दहा फुटांच्या आत पाहिजे. फोन चितेगावात. आईकडे बटणांचा साधा फोन.

साहेबांना सांगून स्कूटर काढली. वीसेक किलोमीटर. पैठण रस्ता रुंदीकरणासाठी खणलेला, टँकरच्या रांगेमागे धूळ खात मी चाललो होतो. तो हिशेब मला तेव्हा सुचला, ऑफिसात नाही. एकोणीस मिनिटांत अठराशे ऐंशी, म्हणजे मिनिटाला जवळजवळ नव्याण्णव लिटर. आमचा नळ चांगल्या दिवसांत मिनिटाला सव्वीस-सत्तावीस देतो. पुरवठादाराच्या बिलात असा आकडा आला असता तर मी लाल खूण करून परत पाठवलं असतं. आणि इथे फोनच्या काचेवर आला म्हणून आईला झोपायला सांगितलं.

त्या आठवड्यात लाइन पार रिकामी झाली असणार. पाणी सुटलं की आधी पाइपातली हवा पुढे रेटली जाते. आमच्या गल्लीत पोरासोरांना माहीत आहे: नळ आधी फुसफुसतो, मग थुंकतो, मग तांबूस येतं, मग पाणी. झडपेतली चक्री हवेनं गरगरा फिरली आणि ती हवा तिनं लिटरात मोजली. जुना गोळा पाण्यावर तरंगायचा. पाणी नसलं की खाली लोंबायचा. त्याला मोजता येत नव्हतं, पण हवेला तो पाणी म्हणाला नसता.

घरी पोचलो तेव्हा नळ जाऊन दहा मिनिटं झाली होती. मी झडपेसमोर फोन धरून मोजणी पुसली, झडप लगेच "टक्" करून उघडली. आतून चार थेंब आले. हौदाच्या तळाला मागच्या आठवड्याचं बोटभर पाणी, त्यात गाळ. आई ओट्याच्या कडेला बसली होती. बत्ता शेजारी.

"तू ओट्यावर चढलीस?"

"मग काय करू? पाणी चाललेलं ऐकत बसू?"

वहिनी म्हणाल्या, "माझा हौद भरला की पाइप भिंतीवरून टाकणार होते, तवर नळच गेला. चार बादल्या देते, त्यात रात्र काढा."

टँकरवाल्याला फोन केला. नंबर चौथ्या दिवसाचा.

संध्याकाळी झडपेच्या कंपनीच्या मदतक्रमांकावर मी बोललो. आधी अर्धा तास गाणं. मग एक नम्र मुलगा. मी सगळं आकड्यांसकट सांगितलं. तो म्हणाला, "सर, आपके यहाँ पानी चौबीस घंटे नहीं आता?" त्याचा आवाज खरोखर आश्चर्याचा होता. चेष्टा करत नव्हता. पाणी सलग नसेल तर हमी लागू नाही, असं त्यानं वाचून दाखवलं. पैसे परत मिळणार नाहीत.

मला त्याच्यावर रागावता येईना आणि गप्पही बसवेना. अंगणात येरझाऱ्या घालत राहिलो. मागच्या वर्षी आम्ही दोन टबांचं जुनं धुलाईयंत्र विकून आपोआप धुणारं घेतलं होतं. जुन्यात बादलीनं पाणी ओतलं की ते चालायचं. नव्याला नळातून जोरात पाणी लागतं, ओतलेलं चालत नाही. ते आठ महिने झाकून ठेवलंय आणि त्यावर बायको वह्या ठेवते. ती शाळेतून आल्यावर सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "वह्यांना जागा कमी पडत होती, आता ही झडपही देऊन टाका मला."

सात वाजता प्लंबर आला. झडप काढली, नवा पितळी कॉक आणि नवा गोळा बसवला. कॉकचे चारशे ऐंशी, गोळ्याचे साडेतीनशे, मजुरी तीनशे. अकराशे तीस. जुना कॉक आणि गोळा मिळून आमच्याकडून दोनशेला गेले होते.

पण आईचा प्रश्न सुटला नव्हता. घागर रिकामीच होती. मी म्हटलं, पाण्याचा जार आणतो.

"जार नको. कुठलं पाणी, कधीचं पाणी. आणि तो जार आज इथे, काल कुणाच्या लग्नात."

"मग वहिनींनी दिलेल्या बादल्यांतलं घे. त्यांचा नळ आपल्याच लाइनीवर आहे. तेच पाणी."

"पाणी तेच आहे," आई म्हणाली. "पण ते तिनं दिलंय. मागून आणलेलं मी त्यांच्या नावानं कसं देऊ? दान आपल्या मालकीच्या वस्तूचं करतात." मग हळूच म्हणाली, "तू तेव्हाच निघाला असतास तर निदान एक घागर मी भरून ठेवली असती. तू पड म्हणालास."

मी झडपेचा डबा उचलून माळ्यावर टाकला, पुन्हा काढला, पुन्हा टाकला.

बुधवारी सकाळी आई अंघोळ करून, रिकामी घागर कडेवर घेऊन शेजारच्या दारात उभी राहिली. मी मागे. वहिनी ओल्या हातानं बाहेर आल्या.

"घागरभर पाणी विकत दे मला," आई म्हणाली.

"विकत? काकू, पाण्याचे पैसे घेऊ व्हय मी? नाय बा. भरा अन् जा."

"तू पैसे घेतलेस तर ते माझं होईल. मग मला ते देता येईल."

वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीच सांगा काय तरी. तुमचं मशीन किती लिटर म्हणतंय ह्या घागरीला?" मग त्यांनी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि थट्टा सोडली. घागर घेतली, आत नेली, कपड्यानं गाळून काठोकाठ भरून आणली. वाळा आईनं स्वतः टाकला.

आईनं मूठ उघडली. एक रुपया आणि देवघरातलं चार आण्याचं जुनं नाणं. सव्वा रुपया.

"काकू, ह्या चार आण्याला आता दुकानात कुणी इचारत नाय."

"मला दुकानातून काही नकोय. मला घागर पाहिजे."

वहिनींनी दोन्ही नाणी कपाळाला लावली आणि कमरेच्या पिशवीत टाकली. घागर मंदिरापर्यंत मी उचलून नेली. गुरुजींनी बाबांचं नाव आणि गोत्र विचारलं, आईनं सांगितलं, आणि घागरीवर हात ठेवून तिनं पाणी सोडलं. येताना ती माझ्या खांद्याला धरून चालत होती.

एकूण खर्च असा झाला: झडपवाल्याला सहा हजार आठशे, प्लंबरला अकराशे तीस, आणि पाण्याचे म्हणून सव्वा रुपया, शेजारच्या वहिनींना.