भर समुद्रात म्हशीचा आवाज

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आधी नव्हता, आजही नाही. देवळात जातो ते बायको नेते म्हणून. चौथीपर्यंत शाळा झाली, पुढचं सगळं आयुष्य म्हशींच्या मागं गेलं. डोळ्याला दिसतं आणि हाताला लागतं तेवढंच खरं, असं मानणारा मी माणूस. तरी लिहायला बसलोय, कारण गेल्या वर्षी माझा धाकटा भाऊ दत्तू वारला आणि त्याच्या शोकसभेत पुढारी लोक बोलले. एकाहत्तरच्या लढाईत विमान पडलं, वीर लाटांशी झुंजला, मरणाला हरवून आला... टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या, बघा. पण तो सापडला कसा, हे एकानंही सांगितलं नाही. त्यांना माहीत नाही. मला माहीत आहे — म्हणजे काय घडलं ते माहीत आहे. कसं घडलं ते विचारू नका.

आम्ही कसबा बावड्याचे. घरात सात-आठ म्हशी, शाहूपुरीतल्या हॉटेलांना दुधाचा रतीब. सायकलीला किटल्या अडकवून मी जायचो. दोघांत एकालाच शिकवणं जमणार होतं, तो दत्तू. मॅट्रिक झाला, नेव्हीत लागला, आणि पुढं नेव्हीच्या विमानात वायरलेसवर बसायला लागला. गावाला वाटायचं विमान तोच चालवतो. आम्हीही कधी दुरुस्ती केली नाही.

बाहेरच्या वाचकांसाठी एक सांगतो. दिवाळीच्या पाडव्याला आमच्या कोल्हापुरात म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांची माळ घालायची. मालक पुढं, म्हस मागं. हातात दावं नाही, काठी नाही. मालकानं हाक द्यायची आणि म्हशीनं एवढ्या गर्दीतनं त्याच्या मागं सुटायचं. आता पोरं मोटारसायकलचा सायलेन्सर काढून पळवतात, तेव्हा आम्ही सायकलीवर.

मोरी ही दत्तूची म्हस. रेडकू असल्यापासून गूळ चारून त्यानं तिला तयार केली होती. त्याची हाक न्यारी होती — जीभ टाळ्याला लावून “ह्यॅऽऽ मोरे, ह्यॅ!” ती ऐकली की मोरी मान डावीकडं वाकडी करून पळायची, कारण त्याची सायकल तिच्या पुढं, जरा डाव्या अंगाला असायची. तो नोकरीवर गेल्यावर वैरण मी घातली, धार मी काढली, हाकसुद्धा हुबेहूब बसवली. दोन पाडवे मी चौकात घसा फोडला. मोरी रवंथ करत उभी. सगळा बावडा हसला. ते अजून माझ्या डोक्यातनं गेलेलं नाही.

लढाई लागली आणि थोड्याच दिवसांत तार आली. विमान समुद्रात पडलं, दत्तू बेपत्ता. पाठोपाठ नेव्हीचा एक साहेब घरी आला. चांगला माणूस होता. चहा घेतला नाही, उभ्यानंच हात जोडून म्हणाला की शोध थांबवलाय, आता आशा धरू नका.

दत्तूच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्याची बायको शांता कोडोलीची. आमचे चुलते तात्या म्हणाले, पौष लागायच्या आत दर्भाचा पुतळा करून अग्नी द्या, पोराच्या आत्म्याला लटकत ठेवू नका. मी तात्यांच्या बाजूचा होतो. सरकारी माणूस घरी येऊन सांगतो, मग वाट कशाची बघायची? त्यात मला आजही काही चूक वाटत नाही. नदीच्या घाटावरनं सांगावा आला की बायकांनी शांताच्या बांगड्या फोडायच्या, असं ठरलं. ती सगळ्यांसमोर एवढंच बोलली, “आदी मढं दावा, मग बांगड्या फोडा.” तरी ठरलं ते बदललं नाही. आबा, म्हणजे आमचे वडील, तार आल्यापासून कुणाशी बोलतच नव्हते.

ठरल्या दिवशी सकाळी घाटावर गेलो. भटजींनी पुतळा बांधला, आबांच्या बोटात दर्भाची अंगठी घातली. मंत्र सुरू झाले होते. एवढ्यात वरच्या रस्त्याला कालवा उठला — “सरका, सरका!” — आणि उतारावरनं मोरी आली. तुटलेलं दावं गळ्यात लोंबत होतं. पाडव्याला पळायची तशीच पळत होती... मान डावीकडं वाकडी, नजर पुढच्या कुणावर तरी. पुढं कुणीच नव्हतं. आमच्यातनं वाट काढून ती सरळ नदीत शिरली, गळ्याएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि तोंड वर करून ओरडायला लागली. म्हस रेकते ती वैरणीसाठी, रेडकासाठी. हे तसलं नव्हतं. थांबतच नव्हती. मी पाण्यात उतरलो, दावं धरून ओढलं, दत्तूची हाक मारली. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मी तेव्हाच कारणं शोधली होती, आत्ता लिहिताना नव्हे. गोमाशी लागली म्हणावं तर थंडीचे दिवस. माजावर नव्हती, ते मला कळतं. पाण्यात गेली ते ठीक, म्हस पाण्यात जाणारच. पण गोठ्यापासनं घाटापर्यंत वाकड्या मानेनं पळाली ती कुणाच्या मागनं?

आबांनी बोटातली अंगठी काढली आणि पाण्यात टाकली.

“उठा. काय करायचं न्हाय.”

तात्या भडकले. “नेव्हीचा सायेब सांगून गेलाय. आनि तू म्हशीचं ऐकनार व्हय?”

“सायबाला आमचा दत्तू म्हाईत न्हाय. हिला हाय. त्याच्या हाकंबिगर ही कवा पळालीया, तेवढं सांग.”

तात्या माझ्याकडं वळले. “आरं, तू तरी सांग की तुझ्या बापाला.”

मी काय सांगणार? मोरी दुसऱ्या कुणाच्या हाकेला पळत नाही, हे माझ्याएवढं गावात कुणाला ठाऊक होतं?

पुतळा तसाच नदीत सोडला. म्हातारा खुळावला, असं गाव म्हणालं. मलाही तसंच वाटलं. पण शांताच्या हातात बांगड्या राहिल्या.

आणि मग दुसरी तार आली. दत्तू जिवंत, दवाखान्यात. सौराष्ट्राकडच्या मच्छीमारांनी त्याला उचललं होतं — आम्ही घाटावर बसलो होतो त्याच सकाळी.

घरी आला तेव्हा ओळखू येत नव्हता. ओठ फुटलेले, कातडी सोललेली. हळूहळू बोलायला लागला. रबराच्या होडीत दोघं होते. बरोबरचा साहेब आधीच गेला. त्यावर दत्तू जन्मभर एक अक्षर बोलला नाही. पाणी संपलं होतं. शेवटी शेवटी समोर पाडवा दिसायला लागला, म्हणाला, चौकातली गर्दी, शिंगांचे रंग. “मी मोरीला हाक दिली, दादा. पन आवाज कुटला निगतोय? घसा बंद. नुसती जीभ हालली.” आणि मच्छीमार त्याला म्हणाले होते की आम्ही म्हशीचा आवाज ऐकून इकडं आलो. तापात आपण काहीतरी ऐकलं असेल, म्हणून त्यानं ते सोडून दिलं होतं. शांतानं घाटावरची हकीकत सांगितली तेव्हा तो उठून गोठ्यात मोरीकडं गेला.

मला हे पटलं नाही. घरात कुणी आधी काय सांगितलं आणि कुणी नंतर काय जुळवलं, याचा पत्ता लागत नाही. माणसाला गोष्ट गोड लागली की ती आपोआप वाढते. मी म्हटलं, त्या मच्छीमारांच्या तांडेलालाच, म्हणजे होडीच्या म्होरक्यालाच विचारतो. दत्तू नको म्हणत होता. उन्हाळ्यात त्याला घेऊनच गेलो, गुळाची एक ढेप बरोबर घेतली. रेल्वे बदलत बदलत त्यांच्या बंदरावर पोचलो.

तांडेल म्हातारा होता, मिठानं डोळे लाल झालेले. दत्तूला बघून उठला, त्याला पोटाशी धरलं. चहा आला. वाटेत मी दत्तूला बजावलं होतं की म्हशीचा विषय तू काढायचा नाहीस. मीही म्हस म्हटलं नाही. माझ्या मोडक्या हिंदीत एवढंच विचारलं, एवढ्या दर्यात ही होडी तुम्हाला दिसली कशी?

दिसली नाही, म्हणाला. धुकं होतं. जाळी ओढून ते घराकडं वळले होते, तेवढ्यात म्हस ओरडली. आधी त्याला वाटलं कान वाजले. मग दुसऱ्या गड्यानंही ऐकलं. जनावरं नेणारं एखादं गलबत बुडालं असणार, म्हणजे आसपास माणसंही असणार, म्हणून त्यांनी आवाजाच्या रोखानं होडी वळवली. जवळ गेले तर धुक्यात हा.

मी विचारलं, मग म्हस?

म्हातारा माझ्याकडं बघेना. दत्तूचा हात धरून त्याच्याशीच बोलला.

“भाई, तुम्हारी भैंस को नहीं बचा सके. बहुत घूमे हम. आवाज आती रही... मिली नहीं. माफ करना.”

त्याच्या मनावर ते ओझं होतं. आम्ही त्याचाच जाब विचारायला आलो, असं त्याला वाटत असणार.

मी तोंड उघडलं होतं. आमची म्हस बावड्याच्या बाहेर कधी गेली नाही, तिनं समुद्र बघितलेला नाही, हे सांगणार होतो. खरं तेच सांगायचं, ही माझी सवय. पण माझ्या आधी दत्तू बोलला.

“चाचा, वो घर पहुँच गई.”

म्हाताऱ्यानं डोळे मिटले, छातीवर हात ठेवला. “अच्छा हुआ,” म्हणाला, “अच्छा हुआ,” आणि घरातल्यांना हाक मारून आम्हाला जेवायला वाढायला सांगितलं.

परतीच्या गाडीत दत्तूनं मला विचारलं, आता पटलं का? मी नाही म्हणालो. पुढं जन्मभर तो अधूनमधून विचारायचा आणि मी नाहीच म्हणायचो. आता विचारणारा राहिला नाही. कुणाला यातलं काही कळत असेल तर सांगा. मला पटलेलं नाही... पण त्या म्हाताऱ्याला खोटंही म्हणता येत नाही.