अविनाशचे बॉलस्क्रू

चार माणसं पंचवीस वर्षं कंपनीच्या एका टूलरूममध्ये, म्हणजे साचे-हत्यारं बनवायच्या खात्यात, असली की किस्से मशीनखालच्या लोखंडी किसासारखे साचतात. झाडून काढा, आठवड्यात पुन्हा तेवढेच! फिटर सोनावणे, इलेक्ट्रिशियन भोईर, अविनाश आणि मी. कंपनी बंद पडली तरी आमचा ढीग वाढतोच आहे. हे मात्र सगळे एकाच बाल्कनीच्या आसपासचे. अविनाशच्या, डोंबिवलीतल्या.

रिटायर झाल्यावर अविनाशने धातू कोरायचं एक छोटं मिलिंग मशीन आणून बंद बाल्कनीत बसवलं. त्याला ते सीएनसी करायचं होतं, म्हणजे हँडल हाताने न फिरवता कॉम्प्युटरने मशीनचं टेबल हलवायचं. अडचण जुन्या स्क्रूची. हँडल उलट फिरवलं की टेबल पाव फेरा नुसतंच बसून राहायचं.

"अगदी माझ्यासारखं आहे," तो म्हणायचा. "नीलाने हाक मारली की मी पण पाव फेरा उशिराच हलतो!"

उपाय म्हणजे बॉलस्क्रू. स्क्रू आणि नटच्या मध्ये बारीक छर्रे फिरतात, त्यामुळे ढिलेपणा राहत नाही. त्याने मागवले. खोकं आलं, आणि पंधरा दिवसांत अविनाश गेला. झोपेतच.

वर्षभराने नीलावहिनींचा फोन आला. "भावजी, भंगारवाला मशीन मागतोय. मी नाही देणार. ह्यांचं अर्धं राहिलंय ते तुम्ही पूर्ण करा."

दर रविवारी जायचं ठरलं.

•

पहिल्याच रविवारी अडलो. नवा नट जाडा, टेबलाखाली जागा कमी. खालचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कोरावं लागणार होतं. किती कोरायचं? जास्त कोरलं तर मशीन कायमचं बाद.

वहिनींनी अविनाशची वही काढून दिली. प्रत्येक माप त्याच्या त्या टाचणीसारख्या अक्षरात लिहिलेलं. फक्त याच मापापुढे प्रश्नचिन्ह, आणि खाली, 'सोनावणेला विचारणे.'

सोनावणेने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग वहीवर खेकसला, "मग विचारायचं ना, गाढवा!"

नंतर दोन रविवार तो नुसता मापंच घेत होता.

•

नट स्क्रूवरून पूर्ण बाहेर काढायचा नाही, हे मी भोईरला तीन वेळा सांगितलेलं. त्याने काढला! सगळे छर्रे बाल्कनीतून थेट हॉलमध्ये, सोफ्याखाली, फ्रिजखाली.

साठी उलटलेले तिघं गुडघ्यांवर. तेवढ्यात शेजारच्या बाई दारात. "अगं नीला, काय हरवलं गं?"

"काही नाही," वहिनी म्हणाल्या. "बालपण शोधतायत!"

शेवटचा छर्रा भोईरच्या पँटच्या दुमडीत सापडला.

•

बेअरिंग आणायला सोनावणे आणि मी घोडबंदर रोडला गेलेलो. येताना ट्रॅफिकमध्ये अडकलो तर समोर आमची कंपनी. म्हणजे कंपनीच्या जागेवरचा टॉवर. सोनावणे रिक्षातून उतरून सरळ गेटवर. वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. 'कोणाकडे जायचे' या रकान्यात सोनावणेने लिहिलं, 'टूलरूम.'

वॉचमनने वाचलं, इंटरकॉमची यादी वरून खाली पाहिली आणि अदबीने म्हणाला, "टूलरूम साहब घर पे नहीं हैं।"



•

उभा स्क्रू बसवला आणि नवंच. मशीनचं डोकं हळूहळू आपलं आपण खाली उतरायला लागलं! जुना स्क्रू घासत फिरायचा म्हणून वजन धरायचा. हा इतका हलका की धरेचना.

भोईर ओरडला, "अरे पकड, पकड! हे तर माझ्या सासऱ्यांसारखं बसल्या बसल्या झोपतंय!"

दुसऱ्या बाजूला कप्पीवरून वजन टांगायला हवं होतं. वहिनींनी पलंगाखालून अविनाशचे डंबेल्स ओढून काढले. "दहा वर्षांत एकदाही उचलले नाहीत ह्यांनी. बांधा!"

•

गेल्या रविवारी मशीन पहिल्यांदा चाललं. वायरिंग भोईरचं, प्रोग्रॅम माझा. ॲल्युमिनियमच्या तुकड्यात एक साधं वर्तुळ कोरायचं, बस. सोनावणे हाताची घडी घालून उभा. स्वयंपाकघरात लाटण्याचा आवाज चालू होता.

टेबल गेलं, वळलं, परत आलं. कुठे अडखळलं नाही. जिथून सुरुवात केली तिथेच वर्तुळ येऊन मिळालं. सोनावणेने माप घ्यायचं व्हर्नियर लावलं, दोनदा बघितलं, आणि नुसती मान हलवली. मी मोटर बंद केली. बाल्कनी एकदम शांत.

"अहो, झालं ना?" आतून वहिनींचा आवाज आला. "हात धुवून या, पोळी तव्यावर आहे."

लाटणं थांबलं.

आम्हा तिघांना त्या भावजीच म्हणतात. मग भोईर म्हणाला, "आलो, आलो!" आणि आम्ही एकामागोमाग एक बेसिनवर हात धुवायला गेलो.